आवारपूरच्या कारखान्याची गोष्ट १९८३ पासून लिहा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांवर पानभर लेख दिला. आमच्या भागावर कोणी एवढं लिहिलं याचा आधी आनंदच झाला. नांदाफाट्यावर कटिंगच्या दुकानात तो अंक दुपारपर्यंत हातोहात फिरत होता. पण आवारपूरबद्दल त्यात जे छापलं आहे ते वाचून मला रात्री झोप लागली नाही. कारखान्याच्या आजच्या मालक कंपनीचं अल्ट्राटेक हे नाव २००४ सालचं, एवढं सांगून लेखकानं आवारपूरची गोष्ट तिथूनच सुरू केली. नावापुरतं ते खरं आहे. कारखान्यापुरतं नाही. आवारपूरची भट्टी १९८३ साली पेटली. मधली एकवीस वर्षं कुठे गेली, हे विचारायला मी हे पत्र लिहीत आहे.

मी मिस्त्री आहे. वय सदुसष्ट. कोरपना तालुक्यातलं आमचं गाव आवारपूरच्या चिमणीपासून पायी पाऊण तासावर. दहावीपर्यंत शाळा झाली, पुढे हातात थापी आली. १९८१ च्या दिवाळीनंतर मी आवारपूरच्या बांधकामावर एका ठेकेदाराकडे लागलो. तेवीस वर्षांचा होतो, तोवर दोन खोल्यांच्या वर कधी बांधलं नव्हतं. तिथे पहिल्यांदा सायलोचं काम पाहिलं. सिमेंट साठवायचा तो उंच गोल कोठा. त्याचं सेंट्रिंग लावायचं आणि खोलायचं नसतं. साचा जॅकवर बोटबोट वर सरकत जातो, खाली काँक्रीट धरत जातं आणि वरून माल ओतत राहावा लागतो. एकदा सुरू झालं की दिवस नाही, रात्र नाही. थांबलं की सांधा पडतो, आणि सांधा पडला की त्या जागी भिंत कायमची कच्ची. माघ महिन्याच्या थंडीत हॅलोजनच्या उजेडात आम्ही घमेली पोचवत होतो. आमचे उस्ताद खालून ओरडायचे, "पोट्टेहो, घमेलं थांबू देऊ नका रे! हे एका दमाचं काम हाय!" ते आता नाहीत. त्या रात्रपाळीतले आम्ही चौघे उरलो आहोत. त्यातल्या एकाला आता ओळख पटत नाही.

गंमत अशी की सिमेंटचा कारखाना बांधायला सिमेंट बाहेरून आणावं लागत होतं. तेव्हा सिमेंट म्हणजे सोनं होतं. परमिटाशिवाय मिळायचं नाही. विहिरीला किती चुंगड्या, म्हणजे पोती, घराला किती, हे कागदावर लिहून द्यायचं आणि खेटे घालायचे. सिमेंटच्या वाटपाच्या प्रकरणावरूनच १९८२ च्या जानेवारीत राज्याच्या मुख्यमंत्र्यांना खुर्ची सोडावी लागली होती, त्यावरून काय दिवस होते ते कळेल. त्याच वर्षी २८ फेब्रुवारीला सरकारनं नियंत्रण थोडं सैल केलं. कारखान्याच्या मालाचा काही हिस्सा सरकारला ठरल्या भावानं द्यायचा, उरलेला बाजारात. नियंत्रण पूर्ण उठलं ते १ मार्च १९८९ ला. या दोन तारखा मला तोंडपाठ आहेत, कारण पहिलीच्या आधी गावात घरांची कामं मिळत नव्हती आणि दुसरीनंतर दम घ्यायला वेळ नव्हता.

आवारपूर बांधलं ते लार्सन अँड टुब्रोनं, म्हणजे एल अँड टीनं. त्यांचा स्वतःचा तो पहिला सिमेंट कारखाना. ही गोष्ट आपल्या लेखात यायलाच हवी होती, आणि नुसती एका वाक्यात नव्हे. कारण या कंपनीचा जन्मच सिमेंटच्या भट्टीपाशी झाला आहे. मला हे पहिल्यांदा सांगितलं कोइमतूरकडच्या एका फोरमननं, जेवणाच्या सुट्टीत, मोडक्यातोडक्या हिंदीत. तो म्हणाला, "तुमच्या या कंपनीतला टुब्रो साहेब आमच्याकडे मदुक्करैला भट्टी बसवायला आला होता." मला वाटलं उगाच फेकतो आहे. पुढे कितीतरी वर्षांनी नातीनं मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं, तेव्हा त्याची गोष्ट अक्षरशः खरी निघाली. मी सगळं वहीत उतरवून घेतलं.

डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला एफ. एल. स्मिथ नावाची कंपनी होती, सिमेंटची यंत्रं बनवणारी. तिचा इंजिनिअर सोरेन टुब्रो १९३४ साली कोइमतूरजवळ मदुक्करैच्या सिमेंट कारखान्यात यंत्रं उभी करायला आला. त्याच कंपनीचा हेनिंग होल्क-लार्सन १९३७ साली आला. तो आला त्याला कारण होतं. १९३६ साली इथल्या दहा सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी झाली होती. त्याआधी एकमेकींचे भाव पाडून सगळ्याच बुडायला आल्या होत्या. त्यांना एका छपराखाली आणण्यासाठी एफ. ई. दिनशा या मुंबईच्या पारशी गृहस्थांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि कंपनी उभी राहायच्या काही महिने आधी, त्याच वर्षी जानेवारीत ते वारले. एवढी मोठी कंपनी झाली म्हणजे नवी यंत्रं लागणार, असा हिशेब डेन्मार्कवाल्यांनी केला आणि होल्क-लार्सनला पाठवलं.

पण या दोघांनी ठरवलं, नोकरी पुरे. १९३८ साली मुंबईत दोघांची भागीदारी झाली. ऑफिस इतकं लहान होतं म्हणतात की एका वेळी दोघांपैकी एकालाच बसता यायचं. दोनच वर्षांत जर्मनीनं डेन्मार्क घेतलं आणि तिकडून येणारी यंत्रं बंद झाली. विकायला माल नाही, मायदेशाचा रस्ता बंद. तेव्हा त्यांनी छोटंसं वर्कशॉप काढलं, जहाजांची दुरुस्ती केली, जे बाहेरून यायचं ते इथे बनवायला लागले. १९४६ साली कंपनी झाली. पुढची वाटचाल सगळ्यांना माहीत आहे, ती मी सांगत बसत नाही. मला त्यातली एकच गोष्ट धरून ठेवावीशी वाटते. दुसऱ्यांच्या कारखान्यात भट्ट्या बसवायला आलेल्या माणसांची कंपनी पंचेचाळीस वर्षांनी स्वतःची पहिली भट्टी लावते, आणि ती लावायला कोरपन्याकडच्या तुरीच्या रानात येते. टुब्रो १९८२ साली गेले. तेव्हा इथे आमची घमेली चालूच होती. भट्टी पेटलेली त्यांना बघायला मिळाली नाही.

इथेच का आली, हे मात्र मला कोणी सांगायची गरज पडली नाही. माझे बाबा चुन्याची भट्टी लावत. आमच्याकडे शेतात नांगर लागला की पांढुरका, पापुद्र्याचा दगड वर येतो. तो फोडायचा, लाकडाचा एक थर आणि दगडाचा एक थर रचायचा, तीन दिवस जाळायचा. मग पाण्यात फोडायचा, तेव्हा तो खदखदतो, लहान पोरं बघायला जमायची. घाणीत बैल फिरायचा, दगडी चाकाखाली चुना आणि सुरखी, म्हणजे विटांचा चुरा, मळली जायची. चांगल्या कामाला गूळ आणि बेलाचा गर घालत. बाबा सिमेंटला शेवटपर्यंत "विलायती माती" म्हणायचे, कारण त्यांच्या वडिलांच्या काळात ते खरंच विलायतेहून यायचं. इथे देशात सिमेंटचा धंदा खऱ्या अर्थानं सुरू झाला तो पोरबंदरला १९१४ साली.

सिमेंटचा शोध लावणाराही कोणी मोठा शास्त्रज्ञ नव्हता, हे आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं. इंग्लंडात लीड्सचा जोसेफ ॲस्पडिन, गवंडी, गवंड्याचाच मुलगा. १८२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यानं पेटंट घेतलं आणि पोर्टलंड नावाच्या बेटावरच्या इमारती दगडासारखं दिसतं म्हणून पोर्टलंड सिमेंट असं नाव ठेवलं. २०२४ साली त्याला दोनशे वर्षं झाली. आमच्या मिस्त्री लोकांत याचा कुठे उल्लेख झाला नाही, याचं मला वाईट वाटलं.

तर दगड तोच. बाबांच्या भट्टीत तो तापून चुना व्हायचा. कारखान्यात त्यात माती मिसळून, दळून, पीठ करून, १४५० अंशांवर भाजतात. ती भट्टी उभी नसते. आडवं लोखंडी नळकांडं, आतून विटांचं अस्तर, एका टोकाला किंचित उतरतं आणि सावकाश स्वतःभोवती फिरतं. वरच्या टोकानं पीठ जातं, खालच्या टोकाला काळपट गोट्या पडतात. त्याला क्लिंकर म्हणतात. त्यात थोडं जिप्सम घालून दळलं की सिमेंट. जिप्सम नसतं तर पाणी पडताच माल घमेल्यातच धरला असता, थापी फिरवायला वेळच मिळाला नसता. एक टन क्लिंकरला दीड टनाच्या आसपास दगड लागतो. म्हणजे आमच्या रानातून किती दगड गेला असेल, तो हिशेब मी करत नाही, पण कोणीतरी करायला हवा. दगड इथे, कोळसा जिल्ह्यातच, राख ऊर्जानगरच्या वीज केंद्रातून, आणि बल्लारशाहवरून दिल्लीकडे आणि मद्रासकडे जाणारी रेल्वे. म्हणून एकट्या आमच्या पट्ट्यात एवढे कारखाने दाटले.

आपल्या लेखात "मागास आणि दुर्गम भाग" असे शब्द आहेत. तेही थोडं दुरुस्त करा. हा राजुऱ्याचा भाग १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा, मग हैदराबाद राज्याचा होता, आदिलाबाद जिल्ह्यात. भाषावार प्रांत झाले तेव्हा नांदेडला जोडला आणि १९५९ साली चांद्याला, म्हणजे आताच्या चंद्रपूरला. माझ्या आजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत. बाबांना ते वाचता यायचे नाहीत आणि मलाही येत नाहीत. जमीन विकत घ्यायला माणसं आली तेव्हा गावातल्या पुष्कळांची हीच गत होती. कागद आपला, पण वाचणारा दुसरा. माझ्या आत्याचं पाच एकर रान एका खाणीत गेलं. कोणाच्या खाणीत, ते मी इथे लिहीत नाही. भाव त्या दिवशी तिला मोठा वाटला होता. नोकरीचा शब्द तोंडी होता, तो तोंडीच राहिला. आत्या मरेपर्यंत पोळ्याच्या दिवशी त्या बाजूला तोंड करून बसायची, "तिथं माझी विहीर होती" म्हणायची. कंपनीच्या इतिहासात अशा विहिरींना जागा नसते. वर्तमानपत्रात असावी.

धूळ, सुरुंगांचे हादरे, रस्त्यांवरचे ट्रक यांवर आपल्या पत्रांच्या पानावर पुष्कळ छापून आलं आहे. त्याची गरज आहेच, पण आज तो विषय नाही.

आमच्या घरी एक तागाची चुंगडी आहे. १९८४ साली बाबांच्या घराचा ओटा बांधला तेव्हा आणलेल्या सिमेंटची. त्यावर एल अँड टी ही अक्षरं अजून दिसतात. माईनं ती धुऊन तिच्यात तूर भरून ठेवायला घेतली, म्हणून वाचली. नाहीतर तेव्हा तागाच्या चुंगड्या तराईला वापरून कुजून जायच्या. स्लॅब टाकला की भिजवलेल्या चुंगड्या वर अंथरायच्या, म्हणजे उन्हात पाणी टिकतं. आता प्लास्टिकच्या थैल्या आल्या, त्या तराईच्या कामाच्या नाहीत. नवे पोट्टे नळीनं पाणी मारतात आणि दोन दिवसांत विसरतात. आमच्या चंद्रपूरच्या उन्हात स्लॅबला तराई नसेल तर जगातलं कोणतंही सिमेंट वाया गेलं. हे विषयाला सोडून झालं, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

ती अक्षरं २००४ नंतर बदलली. कसं बदललं तेही मी समजून घेतलं आहे. एल अँड टीचे दहा टक्के शेअर रिलायन्सकडे होते, ते २००१ साली बिर्लांच्या ग्रासिमनं घेतले. मग दोन-अडीच वर्षं बोलणी चालली आणि शेवटी सिमेंटचा धंदा वेगळा काढून ग्रासिमकडे गेला. ग्रासिमकडचे मूळ इंजिनिअरिंग कंपनीचे शेअर एल अँड टीच्या नोकरदारांच्या ट्रस्टनं घेतले. सिमेंटच्या कंपनीला अल्ट्राटेक नाव मिळालं. होल्क-लार्सन २००३ च्या जुलैत मुंबईत वारले, शहाण्णव वर्षांचे होऊन. ते सिमेंटसाठीच या देशात आले होते.

२००४ नंतर आमच्याकडे काय बदललं ते सांगतो. भिंतींवरच्या जाहिराती पुसून नव्या रंगवल्या. दुकानांच्या पाट्या बदलल्या. गिऱ्हाईक मला विचारायचं, "मिस्त्री, हे नवं सिमेंट कसं हाय जी?" मी सांगायचो, नवं नाही, तेच आहे, तोच दगड, तीच भट्टी, तेच लोक पाळीला जातात. थैलीत हात घालून बघा, गार लागतो ना? चिमूटभर बोटांत चोळा, रवाळ लागत नाही ना? मग घ्या. तरी कित्येक म्हातारे अजून दुकानात "एल अँड टी द्या" म्हणतात आणि दुकानदार न बोलता अल्ट्राटेकची थैली काढून देतो.

एकट्या आवारपूरचंच असं झालं नाही. गडचांदूरचं माणिकगड सिमेंट सेंच्युरीचं होतं, ते २०१९ साली अल्ट्राटेककडे आलं. घुग्घुसकडचा एसीसीचा चांदा कारखाना आणि उपरवाहीचा अंबुजाचा मराठा कारखाना, दोन्ही २०२२ साली अदानींकडे गेले. नारंड्याचा मुरली इंडस्ट्रीजचा बंद पडलेला कारखाना दालमियांनी घेतला. आपल्या लेखात हे सगळं व्यवस्थित आलं आहे, कोट्यवधींच्या आकड्यांसकट. म्हणूनच मला लागलं. प्रत्येक विक्रीची तारीख आहे, पण पहिली भट्टी कोणत्या दिवशी पेटली, त्या दिवशी पाळीवर कोण होतं, सायलोवरून पडून कोण गेलं, ज्यांच्या रानात पहिला सुरुंग लागला त्या घरांची नावं काय, यातलं एकही नाही. मालक बदलला की जुन्या ऑफिसातले फोटो, हजेरीची बुकं, नकाशे कुठे जातात? दर वेळी थोडं थोडं रद्दीत जातं, हे मी एका ठिकाणी डोळ्यांनी पाहिलं आहे. भंगारवाल्याच्या ठेल्यावर काचेच्या फ्रेममधला एक फोटो होता, हेल्मेट घातलेली वीस-पंचवीस माणसं ओळीत उभी, मागे अर्धवट चिमणी. मी थांबून चेहरे बघेपर्यंत त्यानं काच वेगळी काढून फोटो फाडला. काचेला भाव होता.

तेव्हा माझी विनंती अशी. या लेखाचा दुसरा भाग छापा आणि तो इथे येऊन लिहा. आपल्या अंकातून वाचकांना आवाहन करा की ज्यांच्याकडे १९८१ ते १९९० या काळातले कारखान्याच्या बांधकामाचे फोटो, ओळखपत्रं, पगाराच्या चिठ्ठ्या, जमिनीच्या खरेदीचे कागद असतील, त्यांनी एक प्रत आपल्याकडे पाठवावी. उर्दू कागद वाचणारा कोणी मिळाला तर फार बरं होईल. आणि गडचांदूरला एखाद्या वाचनालयात किंवा ग्रामीण भागातल्या कोणत्याही शाळेत एक खोली या वस्तूंसाठी मिळावी, हे आपण संपादकीयातून मांडावं. मोठं काही नको. दोन कपाटं, भिंतीवर फोटो, बाबांच्या काळातलं घाणीचं चाक मी देतो, ते आमच्या कोठ्यामागे पडून आहे. चुंगडीही देतो. माईला विचारलं आहे, ती नव्वदीची आहे. म्हणाली, "ने बापा, पण तूर दुसऱ्यात भरून दे आधी."

आपला प्रतिनिधी येणार असेल तर पोळ्याच्या आत यावा. त्यानंतर कापसाचे दिवस सुरू होतात आणि घरी कोणी सापडत नाही. नांदाफाट्याला उतरून कोणालाही सायलोवाला मिस्त्री म्हणून विचारलं तरी घर दाखवतील. बाकीच्या तिघांना मी बोलावून ठेवतो. ज्याला ओळख पटत नाही, त्यालाही. मागे मी त्याच्याशी त्या रात्रींबद्दल बोलत होतो, तर त्यानं रिकामे हात घमेलं धरल्यासारखे पुढे केले होते.

आपला,
एक मिस्त्री
ता. कोरपना, जि. चंद्रपूर